गाण्यांचा प्लेअर घेताना पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

फलटणहून आत्याचा फोन आला. "अरे, मला गाणी लावायचं एखादं यंत्र बघ. मोबाइल नको. हरिपाठ रंगात आला की नेमका कुणाचा तरी फोन येतो, आणि परत लावायला गेलं की भलतंच काहीतरी उघडतं." किती पैसे घालायचे विचारलं, तर म्हणाली, "सहा हजारांच्या आत बसव."

मागणी साधी होती. पण शोधायला लागलो तेव्हा कळलं की लोक या खरेदीत का गोंधळतात. एका टोकाला हजार रुपयांच्या आतबाहेरचे चिमुकले एमपी-थ्री प्लेअर. दुसऱ्या टोकाला सोनीचा एक वॉकमन, जो २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. दोन्ही खिशात मावतात आणि दोन्ही गाणीच वाजवतात. मधल्या पायऱ्यांवर दहा-बारा हजारांचे चिनी कंपन्यांचे प्लेअर. खोक्यांवर हाय-रेझ, लॉसलेस, डॅक, एलडॅक, ओहम असे शब्द. दुकानदाराला विचारलं तर तो महागाचा दाखवतो, आणि इंटरनेटवर विचारलं तर हौशी मंडळी त्याहून महागाचा सांगतात.

खरं तर ही वस्तू संपलीच असं सगळ्यांनी धरलं होतं. पहिला वॉकमन १९७९ मध्ये आला, पहिला आयपॉड २००१ मध्ये. २०२२ च्या मे महिन्यात अ‍ॅपलने आयपॉड बंद केला तेव्हा अनेकांनी निरोपाचे लेख लिहिले. पण त्यानंतर काही गोष्टी घडल्या. २०२३ मध्ये झी म्युझिक ही गाण्यांची कंपनी आणि स्पॉटिफाय हे गाणी ऐकवणारं अ‍ॅप यांचा करार फिसकटला आणि झीची गाणी तिथून गेली. रेसो हे तसंच अ‍ॅप ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतात बंद झालं. त्याच वर्षी एअरटेलने आपलं विंक हे गाण्यांचं अ‍ॅप गुंडाळायचं ठरवलं. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथे आपल्या आवडीच्या याद्या केल्या होत्या, त्यांना कळलं की आपण भाड्याच्या घरात भिंती रंगवत होतो. आपल्याच मालकीची गाणी आणि ती वाजवणारं साधं यंत्र, ही कल्पना म्हणूनच परत आली आहे.

आत नेमकं काय असतं

प्लेअर कितीचाही असो, आतली वाट एकच. मेमरी कार्डावर गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. एक चिप ते आकडे वाचते. दुसरा भाग त्या आकड्यांची विजेची लहर करतो, त्याला डॅक म्हणतात. तिसरा भाग ती लहर इयरफोन हलवण्याइतकी जोरदार करतो, तो अ‍ॅम्प्लिफायर. शेवटी इयरफोनचा पडदा हलतो आणि आवाज कानात जातो.

या वाटेवर सगळ्यात जास्त फरक कुठे पडतो? शेवटच्या टप्प्यावर, इयरफोनमध्ये. आज साध्या फोनमधला डॅकही कानाला खोट काढता येणार नाही इतका नीट काम करतो. उलट दोन इयरफोन एकापाठोपाठ लावून बघा. गाणाऱ्याचा गळा बदलल्यासारखा वाटेल. म्हणून माझं ठाम मत आहे की खरेदीचा विचार कानापासून सुरू करावा आणि मागे मागे प्लेअरपर्यंत यावा. बहुतेक लोक उलट करतात. पाच हजारांचा प्लेअर घेतात आणि खोक्यातल्या फुकटच्या इयरफोनवर ऐकतात.

फार स्वस्त प्लेअरमध्ये एक दोष मात्र हमखास सापडतो. अ‍ॅम्प्लिफायर गचाळ असला की मागे सतत 'स्स्स' असा बारीक आवाज राहतो. दणदणीत गाण्यात तो झाकला जातो. पण आलाप सुरू होताना, नुसता तंबोरा वाजत असताना, तो स्पष्ट ऐकू येतो. दुकानात प्लेअर तपासायचा तर असंच शांत काहीतरी लावून तपासा. ढोल-ताशा लावाल तर सगळेच प्लेअर पास होतील.

गाणं किती जागा खातं

इथे एकच पारिभाषिक शब्द लागतो, तो म्हणजे बिटरेट. एका सेकंदाच्या आवाजासाठी किती माहिती खर्च केली, याचं ते माप. नळाची धार जशी बारीक-मोठी असते, तसंच.

सीडीवरच्या आवाजाची धार साधारण १,४११ किलोबिटची असते. पाच मिनिटांचं गाणं सुमारे ५३ एमबी भरतं. एवढी जागा परवडत नसे, त्या काळात एमपी-थ्री आलं. प्रवासाची बॅग भरताना जे कपडे घातले जाणार नाहीत ते आपण घरीच ठेवतो, तसं एमपी-थ्री कानाला जाणवणार नाही असा भाग काढून टाकतं. १२८ च्या बिटरेटला तेच गाणं ५ एमबीच्या आत येतं, ३२० ला १२ एमबी होतं.

लॉसलेसमध्ये काहीच काढलं जात नाही. फ्लॅक हा त्यातला सर्वांत रुळलेला प्रकार. पैठणी घडी घालून ठेवली की जागा कमी लागते आणि उलगडली की तीच पैठणी असते, तसं हे. आकार सीडीच्या साधारण निम्मा, म्हणजे पाच मिनिटांना तीसेक एमबी.

म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर १२८ ची साडेसहा हजार गाणी मावतात, ३२० ची अडीच हजारांच्या वर, आणि फ्लॅकची हजारेक. (ते कार्ड संगणकाला लावल्यावर २९.८ जीबीच दिसतं. त्यात फसवणूक नाही. कार्ड बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या.)

मग घ्यायचं काय? ऐकायला काय आवडतं यावर ते ठरतं. १२८ च्या एमपी-थ्रीत पहिला मार खातात ते टाळ आणि झांज. त्यांचा झणत्कार बारीक, उंच आणि झपाट्याने बदलणारा असतो. माहिती कमी पडली की तो पाण्यात बुडाल्यासारखा खुळखुळतो. भजनाच्या कितीतरी फाइली इंटरनेटवर अशाच फिरतात आणि लोक प्लेअरला दोष देतात. ३२० ला हा त्रास जवळपास संपतो. ३२० आणि फ्लॅक डोळे मिटून ओळखायला लावलं, तर मला खात्रीने सांगता येणार नाही. तरीही घरातल्या सीड्या उतरवताना मी फ्लॅकच करतो, कारण मूळ प्रत एकदाच नीट करून ठेवावी. फ्लॅकवरून एमपी-थ्री हवं तेव्हा करता येतं. एमपी-थ्रीचं फ्लॅक करणं म्हणजे ताकाचं दूध करायला बसणं; फाइल मोठी होते, गेलेलं परत येत नाही.

हाय-रेझवर जास्त पैसे घालावेत का

माझं उत्तर आहे, नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे.

आवाज आकड्यांत उतरवताना लहरीची उंची सेकंदाला ठरावीक वेळा मोजतात. सीडीसाठी ती ४४,१०० वेळा मोजतात. ही संख्या कुणाच्या लहरीवर ठरलेली नाही. कोणतीही लहर पुन्हा तंतोतंत उभी करायची, तर ती एका हेलकाव्यात दोनदापेक्षा जास्त मोजली की पुरते, असा गणिताचा सिद्धान्त आहे. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार हेलकाव्यांपर्यंत ऐकतो, तोही तरुणपणी. वय वाढतं तशी ही मर्यादा खाली येते. वीस हजारांच्या दुप्पट चाळीस हजार, वर थोडी मोकळीक. म्हणजे सीडीने कानाची सगळी झेप आधीच व्यापलेली आहे. हाय-रेझमध्ये ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार वेळा मोजतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला काम करताना याचा उपयोग होतो. ऐकणाऱ्याला मिळते ती मुख्यतः मोठी फाइल.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. मराठी माणूस जे जुनं नाट्यसंगीत जिवापाड जपतो, त्यातलं बरंचसं ७८ आरपीएमच्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर मुद्रित झालं. त्या यंत्रांनीच वरचे सूर पकडले नव्हते. त्या तबकडीवरून कितीही भारी फाइल केली, तरी नव्याने उतरेल ती फक्त सुईची खरखर. असं गाणं चांगलं ऐकायचं असेल तर ते तबकडीवरून कुणी काळजीने उतरवलंय हे शोधा.

"मग सत्तर हजारांचा प्लेअर घेणारे वेडे का?" असं कुणी विचारेल. वेडे मुळीच नाहीत. त्यात जोरदार अ‍ॅम्प्लिफायर असतो, घडण सुंदर असते, बटणं हाताला गोड लागतात. ३०० ओहमसारखे मोठे हेडफोन वाजवायचे तर ताकद खरंच लागते. ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते माप. पहिल्या मजल्यावर पाणी चढवणारी मोटर पाचव्या मजल्यावर दम टाकते, तसा साधा प्लेअर अशा हेडफोनपुढे दमतो. पण कानात घालायचे साधे इयरफोन बहुतेक १६ ते ३२ ओहमचे असतात. त्यांना एवढी मोटर नको.

ब्लूटूथवर ऐकणार असाल तर

वायर नसली की गाणं हवेतून जाण्याआधी पुन्हा एकदा दाबून छोटं केलं जातं. सगळीकडे चालणाऱ्या एसबीसी या पद्धतीत धार फार तर ३२८ किलोबिटच्या आसपास असते, सोनीच्या एलडॅकमध्ये सर्वांत अनुकूल स्थितीत ९९०. म्हणजे कार्डावर सीडीच्या तोडीची फाइल असली तरी कानापर्यंत ती पूर्ण पोहोचत नाही. चालताना, स्वयंपाक करताना हे खटकत नाही. पण ब्लूटूथवर ऐकताना प्लेअरमधला डॅक कामाला लागतच नाही. ते काम इयरफोनमधली चिप करते. महागड्या डॅकचा प्लेअर घेऊन ब्लूटूथवर ऐकणं म्हणजे त्या डॅकचे पैसे पाण्यात घालणं.

"फोन आहे की हातात!"

हा आक्षेप सगळ्यात रास्त आहे. ज्याला फोन सहज वापरता येतो, ज्याचं लक्ष नोटिफिकेशनने फाटत नाही, त्याने वेगळा प्लेअर घेऊ नये. फोनला इयरफोनचं भोक नसेल तर हजार-दीड हजारांत डॅक असलेली चांगली छोटी वायर मिळते. त्यातून येणारा आवाज दहा हजारांच्या प्लेअरशी टक्कर देतो. घरात जुना अँड्रॉइड पडला असेल तर सिम काढा, एअरप्लेन मोडवर टाका, गाणी भरा, झाला प्लेअर. फक्त त्याची बॅटरी फुगलेली नाही ना, हे बघा. मागचं झाकण जरा जरी उचललेलं दिसलं, तर तो फोन चार्जिंगला लावू नका.

वेगळा प्लेअर कुणाला हवा? ज्याला पडद्यावर बोट फिरवताना भीती वाटते, पण खटकन दाबलं जाणारं बटण अंधारातही सापडतं, त्याला. दहावी-बारावीच्या मुलाला, ज्याला गाणी हवीत पण रील नकोत. आणि आत्यासारख्यांना. ती दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालते. त्या गर्दीत फोनचं नेटवर्क नावालाही नसतं आणि संध्याकाळपर्यंत चार्जिंग घरी फोन करायला राखून ठेवावं लागतं. खिशात स्वतंत्र, हलकं यंत्र असेल तर तिचं काम भागतं.

वडीलधाऱ्यांसाठी रेडिओसारखा दिसणारा सारेगामाचा कारवाँ आहेच. २०१७ मध्ये आला, पाच हजार हिंदी गाणी भरून, किंमत सहा हजारांच्या आसपास. पुढे मराठीही आला. बटण फिरवलं की गाणं लागतं, ही त्याची खरी किंमत. पण आत भरलेली गाणी कंपनीने निवडलेली असतात. आत्याला गावातल्या एका कीर्तनकारांच्या सीड्या ऐकायच्या होत्या. शिवाय पिशवीत मावणारं काही हवं होतं. कारवाँला पेन ड्राइव्ह लावता येतो, पण तो लोणंदहून चालत आणायची वस्तू नाही.

गाणी कुठून आणायची

प्लेअर घरी आल्यावर सगळ्यात मोठा अपेक्षाभंग इथे होतो. स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं प्लेअरवर टाकता येत नाही. ती फाइल कुलूपबंद असते, त्या अ‍ॅपबाहेर उघडत नाही. वाचनालयातून आणलेलं पुस्तक आपल्या कपाटात ठेवलं तरी ते आपलं होत नाही, तसं. काही महाग प्लेअरमध्ये अँड्रॉइड असतं आणि त्यांवर ही अ‍ॅप्स चालतात. पण मग तो सिम नसलेला फोनच झाला, आणि अँड्रॉइड जुनं झालं की अ‍ॅप कुरकुरायला लागतं.

आपल्या मालकीच्या फाइल दोन वाटांनी येतात. गाणं किंवा अल्बम पैसे देऊन फाइल म्हणून विकत घ्यायचा. आयट्यून्स स्टोअर, बँडकँप अशा ठिकाणी ते जमतं. किंवा घरातल्या सीड्या संगणकावर उतरवायच्या. आता लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नसतो, तो बाहेरून जोडायचा विकत घ्यावा लागतो. हा खर्च बजेटमध्ये कुणीच धरत नाही, आणि मग घरात गाणी भरलेला प्लेअर नसतो, नुसता रिकामा प्लेअर असतो.

कार्डाच्या बाबतीत मी फसलो ते

एकदा मी रस्त्यावरच्या एका टपरीवरून १२८ जीबीचं कार्ड निम्म्याहून कमी भावात घेतलं. संगणकाला लावलं तर १२८ च दाखवत होतं. रात्रभर गाणी भरली. सकाळी पहिली दोन फोल्डर झकास वाजली. तिसऱ्या फोल्डरपासून प्रत्येक गाण्याचं नाव दिसे, वेळ पुढे सरके, आणि आवाज मात्र शून्य. इयरफोन बदलले, प्लेअर बदलला. शेवटी कळलं की आत जेमतेम ८ जीबीची चिप होती आणि तिला '१२८ सांग' असं शिकवून ठेवलं होतं. जागा संपल्यावर ती येणारी माहिती घेतल्यासारखं करून टाकून देत होती.

तेव्हापासून नवं कार्ड आलं की आधी पूर्ण भरून परत वाचून बघतो. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम हे काम करतो. वेळ खूप लागतो, पण बिल आणि परत करायची मुदत हातात असतानाच हे करायचं.

आणखी एक. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं वेगळ्या रचनेत, एक्सफॅटमध्ये, येतात. स्वस्त प्लेअरना ती रचना बऱ्याचदा वाचता येत नाही. पुस्तिकेत '३२ जीबीपर्यंत' लिहिलं असेल तर तेवढंच घ्या.

दुकानात हे करून बघा

आपल्याच फाइल असलेलं कार्ड सोबत न्या. मी आत्यासाठी नेलं होतं. पहिल्या प्लेअरमध्ये घातलं, तर 'हरिपाठ' या नावाच्या जागी पडद्यावर चौकोनांची एक रांग उमटली. त्याला देवनागरी येतच नव्हती. प्लेअर चांगला असेल तर एवढ्यासाठी सोडू नका, फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत करता येतात. पण घरी जाऊन कळण्यापेक्षा तिथेच कळलेलं बरं.

मग बंद करून पुन्हा चालू करा. तासाभराचं कीर्तन पन्नासाव्या मिनिटाला थांबवलं, तर तिथूनच सुरू होतं की पहिल्यापासून? याला रिझ्युम म्हणतात, आणि लांबलचक ऐकणाऱ्यांसाठी ही सोय कुठल्याही हाय-रेझपेक्षा मोलाची. मैफलीच्या सीडीत विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे असतात. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये आवाज तुटतो का, तेही ऐका. गाणी नावाच्या क्रमाने लागतात की कार्डावर टाकली त्या क्रमाने, हेही बघा. बरेच स्वस्त प्लेअर दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यांच्यासाठी गाणी सगळी एकदम न टाकता क्रमाने टाकायची.

चार्जिंगला टाइप-सी असेल तर घरातला टाइप-सीचा चार्जर बहुधा चालतो. बॅटरी सहसा बदलता येत नाही. म्हणून महिनोन्‌महिने वापर नसेल तेव्हा प्लेअर अर्धवट चार्ज करून ठेवा. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत कपाटात पडला, तर लिथियमची बॅटरी मरते.

इयरफोनसोबत रबराच्या तीन मापांच्या टोप्या येतात. मधली न बघता लावून मोकळे होऊ नका. टोपी सैल बसली की तबल्याचा डग्गा गायब होतो आणि आपण उगाच आवाज वाढवत जातो. तो वाढवण्यालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित धरतात. तेच ९० डेसिबलला फक्त ४ तास. बसमधल्या गोंगाटावर मात करायला आपण सहज तिथे पोहोचतो. गोंगाट बाहेर ठेवणारी नीट बसलेली टोपी कानही वाचवते.

आत्याचे सहा हजार

प्लेअर २,६०० चा घेतला. पडदा छोटा, बटणं मोठी, रिझ्युम आहे, देवनागरी दिसते. वायरचे इयरफोन १,१००. कार्ड ३२ जीबीचं, ५००, तपासून. सीडी ड्राइव्ह १,३००. टीव्हीशेजारच्या जुन्या स्पीकरला जोडायला १५० ची वायर, म्हणजे पहाटे घरभर ऐकता येईल. सगळे मिळून ५,६५०. उरलेले ३५० तिने परत मागितले नाहीत. "त्यात गाणी घे" म्हणाली.

फोल्डर तिच्या दिवसाप्रमाणे केले: पहाट, दुपार, वाट. 'वाट'मध्ये पालखीबरोबर चालताना ऐकायचे अभंग आहेत. सीड्यांच्या खोक्यातल्या चोवीस उतरून झाल्या. दोनवर ओरखडे आहेत, ड्राइव्ह त्या सारख्या मागेपुढे वाचत बसतो. त्यातली एक त्या कीर्तनकारांची आहे, म्हणून ती मऊ कापडाने मधून कडेकडे पुसून पुन्हा लावली आहे, सगळ्यात कमी वेगावर.